उंदीर जगला, म्हणजे काय सिद्ध झालं?

वनौषधींवरच्या प्रबंधांत एका आशयाचं वाक्य आपल्याला हमखास भेटतं: अमुक अर्क प्रतिकिलो २००० मिलिग्रॅम मात्रेपर्यंत सुरक्षित आहे. आज आपण या एकाच वाक्याची चिकित्सा करू.

त्यामागची कृती साधी आहे. ओईसीडीच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार उंदरांना, बहुधा माद्यांना, अर्क एकदाच तोंडावाटे देतात आणि १४ दिवस निरीक्षण करतात. सर्वांत वरच्या मात्रेच्या चाचणीला ६ प्राणी पुरतात. जे जगतात त्यांनाही शेवटी मारून शवविच्छेदन करतात. निम्मे प्राणी मरतील ती मात्रा काढायची ट्रेव्हनची १९२७ सालची रीत यापेक्षा कितीतरी क्रूर होती, हे मान्यच.

पण कळलं काय? ६ निरोगी उंदीर १४ दिवसांत दगावले नाहीत, एवढंच. ‘सुरक्षित’ हा शब्द मात्र महिनोन्‌महिने काढा पिणाऱ्या, मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसापर्यंत जाऊन पोचतो. आपल्या नैयायिकांनी हा हेतू सोपाधिक ठरवला असता. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. सरपण ओलं लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. इथल्या उपाधी कोणत्या? तीच वनस्पती, तोच अर्क, तेवढाच काळ, तसंच निरोगी शरीर.

१९९०च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. स्टेफानियाच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली होती. तिच्यातल्या आम्लामुळे उंदरांना कर्करोग होतो, हे तर १९८२मध्येच प्रसिद्ध झालं होतं! उंदरांची साक्ष खरी होती, वनस्पतीचं नाव चुकलं होतं.

आपल्याकडचं पाहा. २०२०च्या अखेरच्या महिन्यांत गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही. वाद कोण जिंकलं ते सोडा. एक बाजू रुग्णाच्या शरीराकडे बोट दाखवते, दुसरी वेलीच्या ओळखीकडे. दोन्ही उपाधीच, आणि ६ उंदीर दोन्हींबद्दल मुके.

मग प्राण्यांवरचे प्रयोग टाकूनच द्यावेत का? आम्ही तसं म्हणत नाही. १९८२चा दाखला आत्ताच दिला. रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, असं सांगितलं. त्याच्या आधीची एक पायरी आम्ही मागतो: वनस्पतीची ओळख पटवा, अर्कात काय आहे ते मोजा. एवढंही न करता घेतलेला जीव कोणत्याच ज्ञानाच्या कामी येत नाही. आणि निष्कर्ष लिहिताना मात्रा, दिवस, प्राण्यांची संख्या वाक्यातच येऊ द्या. ‘सुरक्षित’ म्हणायची घाई नको. वाक्य लांबेल, लांबू दे.