‘अंकुराची वाढ’ आणि ‘ट्रिप’ : एकेका चौकटीच्या चित्रणाचा कर्तृविचार

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून परतल्यावर मुंबईत केलेल्या ‘अंकुराची वाढ’ या लघुपटाविषयी चरित्रपर लेखनात एक वृत्तांत पुनःपुन्हा आढळतो. कुंडीत वाटाणे पेरून फाळके यांनी विल्यमसन कॅमेरा तिच्यासमोर रोवला, महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली आणि त्यातून बीजाचा वेल होईपर्यंतचा, मिनिटाहून किंचित मोठा पट सिद्ध झाला, असा तो वृत्तांत होय. यातील प्रत्येक विधान सुटेपणी विश्वसनीय वाटते. तीनही विधाने एकत्र मात्र नांदू शकत नाहीत.

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ चौकटी असा धरला, तर एका मिनिटास ६० फूट फिल्म, म्हणजे ९६० चौकटी लागतात. रोज एक चौकट या हिशेबाने महिन्याअखेरीस तीस-पस्तीस चौकटी जमतील आणि त्या पडद्यावर सुमारे दोन सेकंदांत संपतील. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने भांडवल उभे करण्यासाठी दोन सेकंदांचा पट निवडक मंडळींना दाखविला आणि तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी पैसा देऊ केला, हे मानणे कठीण आहे. पट मिनिटभराचा होता असे धरल्यास तीस दिवसांत रोज ३२ चौकटी खर्ची पडल्या असल्या पाहिजेत. त्या दोन रीतींनी पडू शकतात. एक तर ठराविक वेळी लागोपाठ ३२ चौकटी घ्यावयाच्या. मग प्रत्येक दिवसाचे रोपटे पडद्यावर दोन सेकंद निश्चल उभे राहील आणि एकदम पुढच्या दिवसात उडी घेईल. हा परिणाम जादूच्या कंदिलाच्या काचांहून फारसा वेगळा नव्हे. किंवा बारा तासांच्या उजेडात त्या ३२ चौकटी विखरून, साधारण बावीस-तेवीस मिनिटांच्या अंतराने एकेक घ्यावयाची. वाढ ‘दिसते’ ती केवळ या दुसऱ्या रीतीत.

दुसरी रीत त्या काळी अपरिचित होती असेही नाही. न्यूयॉर्कमधील स्टार थिएटरची इमारत पाडली जात असता १९०१ साली दिवसा दर चार मिनिटांनी चौकट टिपून तो विध्वंस चित्रित करण्यात आला होता. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा फुले उमलतानाचा पट १९१० सालचा आहे. फाळके यांचा मूळ पट आज पाहावयास उपलब्ध नसल्यामुळे फिल्म मोजून निर्णय करता येत नाही. तथापि ‘रोज थोडे थोडे’ या कथनाचे ‘रोज एक’ असे सुटसुटीत रूपांतर होणे अगदी संभवनीय आहे. चरित्रकारांनी हा साधा गुणाकार करून पाहू नये, याचे मात्र नवल वाटते. फाळके लोणावळ्यास छपाईचा व ब्लॉक तयार करण्याचा कारखाना चालविलेले कारागीर होते. त्यांची थोरवी सांगताना नेमकी त्यांची कारागिरीच धूसर करण्यात आली आहे.

हा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही. दोन रीतींत क्रियेचे स्वरूपच बदलते. पहिल्या रीतीत रोपटे काल इतके होते, आज इतके आहे, एवढेच विधान होते, आणि त्यातील वाढ प्रेक्षकाने अनुमानाने जाणावयाची असते. दुसऱ्या रीतीत ‘वाढणे’ हे क्रियापदच पडद्यावर अवतरते. निमगाव केतकीच्या पानमळ्यात नागवेलीचे शेंडे आधाराच्या झाडाला बांधीत वरवर नेणाऱ्या शेतकऱ्याला वेल वाढतो हे कोणी शिकवावयास नको. त्याच्या हाताला ते वितीवितीने ठाऊक असते. परंतु त्याचे ज्ञान ‘वाढला’ या भूतकाळी रूपातले असते. ‘वाढत आहे’ हे रूप त्याच्याही डोळ्यांना कधी मिळालेले नसते, आणि चौकटी विखरून टिपणारा कॅमेरा नेमके तेच देऊ शकतो.

एकेका चौकटीने केलेले सर्व चित्रण एकाच वंशाचे मानण्याची पद्धत समीक्षेत रूढ आहे. कर्त्याच्या दृष्टीने पाहता ती टिकत नाही. वाटाण्याचा अंकुर स्वतः वाढतो. कॅमेरा केवळ वेळ गाळतो आणि क्रियेचा कर्ता अंकुरच राहतो. फाळके यांनीच पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्या नाचविल्या. त्या नाचल्या नाहीत, नाचविल्या गेल्या. मराठीत ‘नाचणे’ आणि ‘नाचविणे’ यांत जो प्रयोजकाचा भेद आहे, तोच या दोन पटांत आहे.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे प्रमोद पती यांच्या ‘ट्रिप’ या १९७० सालच्या पटाचे वैशिष्ट्य, आणि त्याची अडचणही, उघड होते. पती (१९३२-१९७५) मूळचे ओरिसाचे. प्राग येथे यिरी त्रन्का यांच्या हाताखाली बाहुलीपटाचे शिक्षण घेऊन ते मुंबईस फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात आले. १९४८ साली स्थापन झालेली आणि २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेली ही सरकारी संस्था एरवी प्रेक्षकांशी बहुधा आज्ञार्थात बोले : धान्य वाचवा, कुटुंब लहान ठेवा. तिच्याच छत्राखाली पती यांनी ‘एक्सप्लोरर’ (१९६८) आणि त्यानंतर सुमारे चार मिनिटांचा ‘ट्रिप’ केला. मुंबईच्या दैनंदिन जीवनातील क्षणभंगुरता हा त्याचा विषय आणि जिवंत माणसे एकेका चौकटीने टिपणे ही त्याची रीत.

आता प्रश्न असा की, या मुंबईकरांना अंकुर म्हणावयाचे की आगकाड्या? गर्दी आपण होऊन जाते-येते आणि कॅमेरा मधला वेळ गाळतो, तेव्हा पडद्यावर उमटते ते मराठी व्याकरणातील रीतिभूतकाळाच्या जवळचे रूप : ‘लोक येत, लोक जात’. कोणी एक मनुष्य अमुक दिवशी आला, हे त्यात उरत नाही, केवळ परिपाठ उरतो. याउलट मनुष्याला उभे करून, एक चौकट टिपून, थोडे सरकवून पुन्हा टिपले, तर तो दिग्दर्शकाची आगकाडी होतो. क्षणभंगुरतेचे विधान पहिल्या रूपात शहर स्वतः करते, दुसऱ्यात ते शहराच्या तोंडी घातले जाते. ‘ट्रिप’ ही दोन्ही रूपे एकाच लयीत ओवू पाहतो आणि चार मिनिटांच्या लगबगीत त्यांतील सांधा पारखण्यास प्रेक्षकाला अवसर देत नाही. पटाची चमक तेथे आहे आणि उणीवही तेथेच आहे. मुंबईकर आपल्या मर्जीने धावतो की धावडविला जातो, हा त्या शहराविषयीचा खरा प्रश्न. पती तो डोळ्यांसमोर आणतात आणि गतीच्या मौजेत सोडून देतात.

‘आबिद’ (१९७२) या दृष्टीने अधिक निश्चित कृती आहे. व्यंगचित्रकार आबिद सुरती तेथे एका खोलीत स्वतःच चौकटीचौकटीने हलतात. हलविला जाणारा मनुष्य स्वतः चित्रकार असल्यामुळे प्रयोजक आणि प्रयोज्य यांच्यातील ओढाताण पटाचा विषयच बनते.

अलीकडे ‘हायपरलॅप्स’ या नावाने प्रचलित झालेल्या चित्रणप्रकाराला या पटांचा वारस म्हणण्याची घाई होते. तेथे दोन चौकटींच्या मधल्या वेळात कॅमेराच मोजक्या पावलांनी पुढे सरकतो आणि दूरचा एक बिंदू चौकटीत जागच्या जागी धरून ठेवावा लागतो. चालतो तो पाहणारा, शहर त्याच्या अंगावरून वाहत जाते. फाळके यांच्या लाकडी पेटीच्या, हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्याने हे करणे तत्त्वतः अशक्य नव्हते. मात्र नेम चुकला की साधला हे फिल्म धुतल्यावाचून कळत नसे, आणि ९६० चौकटींत शंभरावी चौकट बोटभर सरकली तर पुढील साऱ्यांनाच धक्का बसे. कुंडीतला वाटाणा जागचा हलत नव्हता. त्याच्यासमोर महिनाभर न हलता उभा राहणारा कॅमेरा फाळके यांना परवडण्याजोगा होता.