ट्रॉफी कपाटात, रिपोर्ट ऑफिसात

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तारापूर एमआयडीसीतून गेलात तर गेटागेटांवर हिरवे-पांढरे बॅनर दिसतील. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिन. पुढे १० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळतो. ८ मार्च २०१८ च्या रात्री इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन तिघांचा जीव गेला, तेव्हाही हा सप्ताह चालूच होता.

माझी पीएचडी कंपन्यांच्या आरोग्य-कार्यक्रमांवर आहे. कंपनी योगवर्ग घेते, तपासणी शिबिर भरवते, समुपदेशक नेमते. त्याचा उपयोग होतो का, आणि झालाच तर कुणाला, एवढं शोधायचं. आज त्यातल्या एका छोट्या भागाबद्दल लिहिते: कामगारांचं आरोग्य जपल्याबद्दल कंपन्यांना मिळणारे पुरस्कार. ते नेमकं काय मोजतात?

हा प्रश्न मला पुस्तकातून नाही सुचला. आमच्या शेजारचे काका आठ वर्षं एमआयडीसीत रसायनांच्या पिशव्या रिकाम्या करायच्या कामावर होते. कारखाना तोच, पण ठेकेदार तीन बदलले. मागच्या पावसाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. पालघरच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीचे छातीचे रिपोर्ट आहेत का? तुलना करता आली असती." काका म्हणाले, "दरवर्षी नळीत फुंकायला लावायचे की! कागद ऑफिसात जायचा." डॉक्टरांना तुलना करता आली नाही. त्या कारखान्याच्या स्वागतकक्षात काचेचं कपाट आहे आणि त्यात ट्रॉफ्या आहेत. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण अशी कपाटं बऱ्याच ठिकाणी आहेत.

अपघातांचा दर कसा खाली येतो

आधी जुना प्रकार बघू. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ पासून दिले जातात. त्यांचा मुख्य आधार म्हणजे अपघातांचा वारंवारता दर, तोही सलग तीन वर्षांचा. दहा लाख मनुष्य-तासांमागे किती अपघात, असं हे गणित. समजा कारखान्यात ५०० माणसं आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला २,४०० तास काम करतो. एकूण १२ लाख तास झाले. सहा अपघात नोंदले तर दर येतो ५. तीनच नोंदले तर २.५.

आता हा दर पाचावरून अडीचवर आणायचे मार्ग दोन. एक, मशीनला गार्ड लावा, व्हॉल्व्ह बदला, पाळीवर पुरेशी माणसं ठेवा. दोन, तीन अपघात नोंदवू नका. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ नुसार दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ काम करू शकला नाही, तर ती कळवावी लागत असे. त्यामुळे बोट चेंगरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून बोलवायचं, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. तो 'कामावर' आहे, म्हणजे अपघात हिशोबात नाही. पुरस्काराच्या तक्त्यावर दोन्ही मार्ग सारखेच दिसतात.

हा फक्त आपल्याकडचा खोडसाळपणा आहे असं समजू नका. अमेरिकेत सुरक्षित कारखान्यांना मान्यता देणारी एक सरकारी योजना १९८२ पासून आहे. मान्यता मिळाली की नेहमीच्या तपासण्यांतून सूट. २००९ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तिची झडती घेतली, तेव्हा कामगारांचे मृत्यू झालेली काही ठिकाणंही यादीत तशीच असल्याचं आढळलं. त्याच कार्यालयाच्या २०१२ च्या अहवालाचा विषय होता अपघात कमी दाखवल्यावर मिळणारी बक्षिसं. अशा बक्षिसांमुळे कामगार दुखापत सांगायलाच कचरू शकतो, हा धोका त्यात मांडलाय. अख्ख्या विभागाची पार्टी तुमच्या एका बोटामुळे रद्द होणार असेल, तर तुम्हीही बोट खिशात घालाल.

निरोगी कंपन्यांचे शेअर वर जातात म्हणे

दुसरा प्रकार नवा आहे. याला कॉर्पोरेट भाषेत 'वेलनेस' म्हणतात. आपल्याकडे आरोग्य वर्ल्ड ही संस्था 'हेल्दी वर्कप्लेस' म्हणून कंपन्यांचा गौरव करते. तंबाखूमुक्त परिसर, कॅन्टीनमधलं सकस जेवण, व्यायाम, काम आणि घर यांचा तोल असे तिचे निकष राहिले आहेत. मधुमेह रोखायचा असेल तर हे निकष योग्यच आहेत. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाचं दुखणं यात बरंचसं सापडतं. पिशवी फाडताना उडणारी भुकटी मात्र सापडत नाही.

अशा पुरस्कारांच्या बाजूने एक शोधनिबंध नेहमी पुढे केला जातो. अमेरिकेत आरोग्य-कार्यक्रमांसाठी कूप पुरस्कार दिला जातो. गोएट्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हा पुरस्कार मिळवलेल्या २६ कंपन्यांचे शेअर तपासले. २००१ ते २०१४ या काळात त्या शेअरचं मूल्य ३२५ टक्के वाढलं, तर एस अँड पी ५०० हा निर्देशांक १०५ टक्के. एचआरच्या सादरीकरणात हा आकडा हमखास भेटतो.

माझे या निबंधावर तीन आक्षेप आहेत. पहिला, कंपनीची भरभराट आधीच चालू असेल तर तिच्याकडे व्यायामशाळेसाठी पैसे असतात आणि पुरस्काराचा अर्ज भरायला माणूसही असतो. आरोग्यामुळे पैसा आला की पैशामुळे आरोग्य-कार्यक्रम आला, हे या मांडणीतून ठरवता येत नाही. लेखकांनीही कार्यकारणभावाचा दावा जपून केलाय, पण सादरीकरणात तो जपून राहत नाही. दुसरा, तुलना स्वतःहून अर्ज केलेल्या आणि जिंकलेल्या कंपन्यांची आहे. अर्ज करून हरलेल्या त्यात नाहीत. तिसरा आक्षेप मला सगळ्यात मोठा वाटतो: पुरस्कार कामगाराच्या आरोग्याचा आणि मोजमाप शेअरचं! कामगाराचं रक्त, फुफ्फुस, झोप यातलं काहीच त्या आलेखावर नाही.

चिठ्ठी टाकून बघितलं तेव्हा

आता 'तुलना कशी करायची' हा आमच्या धंद्यातला मूळ प्रश्न. इलिनॉय विद्यापीठातला प्रयोग यासाठी मला फार आवडतो. २०१६ मध्ये सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांपैकी कुणाला वेलनेस कार्यक्रमात घ्यायचं आणि कुणाला नाही, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. आधी त्यांनी नेहमीसारखी तुलना केली: भाग घेणारे विरुद्ध न घेणारे. भाग घेणारे जास्त निरोगी निघाले, त्यांचा औषधपाण्याचा खर्चही कमी. मग त्यांनी चिठ्ठीत निघालेले आणि न निघालेले यांची तुलना केली, तर तो फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे कार्यक्रमाने माणसं निरोगी झाली नव्हती, मुळात धडधाकट माणसंच पुढे येऊन कार्यक्रमात बसली होती.

थोडा फरक दोन गोष्टींत पडला. आरोग्य-तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. आणि 'व्यवस्थापनाला आमच्या आरोग्याची काळजी आहे' असं वाटणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. हा निष्कर्ष वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. तब्येत तीच, पण कंपनीबद्दलचं मत सुधारलं. पुरस्काराच्या अर्जात 'कंपनी तुमची काळजी घेते असं वाटतं का?' असा प्रश्न असेल, तर त्या उत्तराचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढचे अभ्यासही याच दिशेचे आहेत. ब्रिटनमध्ये विल्यम फ्लेमिंग यांनी २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कामगारांची माहिती तपासली. २०२४ मध्ये छापलेल्या त्या निबंधात मनःशांतीचे ॲप, तणाव-व्यवस्थापनाची शिबिरं असे एकेकट्या माणसाला 'सुधारणारे' उपाय घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. अपवाद एकच, स्वयंसेवी कामाची संधी. उलट लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यासात, स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असं दिसलं होतं. कामाचा वेग कुणी ठरवायचा, सुट्टी कधी मिळते, पाळी कोण लावतं, या गोष्टी शरीरावर उमटतात. त्या बदलणं योगाच्या चटया घेण्यापेक्षा अवघड असतं.

मोजणीत माणूस कोण?

आता परत बोईसरला येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण होते, देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित. जानेवारी २०२० च्या स्फोटात आठ जण गेले, ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन, ऑगस्ट २०२५ च्या वायुगळतीत चार. अशा ठिकाणी कंपनीला 'आरोग्यपूर्ण' म्हणायचं तर आधी विचारायला हवं, कुणाच्या आरोग्याचा विचार करून म्हणताय?

सकाळच्या पाळीला नवापूर रोडवर उभं राहा. कंपनीच्या बसमधून उतरणारे असतात. सरावली-खैरापाड्याकडून सायकलवर, चालत येणारेही असतात. त्यांच्या गळ्यातलं कार्ड ठेकेदाराचं असतं. तपासणी शिबिराचा मेल ज्याला कंपनीचा ईमेल आहे त्यालाच जातो. 'कर्मचारी समाधान' सर्वेक्षणाचंही तेच. आणि सगळ्यात धोक्याची कामं, टाकी साफ करणं, पिशव्या फोडणं, ड्रम उचलणं, ही बहुतेक ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. धोका त्यांचा आणि ट्रॉफीतलं आरोग्य दुसऱ्यांचं.

कायद्याने ही पळवाट कधीच बंद केली होती, हे मला वाचताना नवीन होतं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कारखाने अधिनियमातल्या 'कामगार' या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूस येत असे, मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, घातक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण जोडलं गेलं. त्यातलं कलम ४१-सी सांगत असे: कामावर घेण्याआधी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करा, नोंदी अद्ययावत ठेवा आणि त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यातही या नोंदींची जबाबदारी आहे. म्हणजे काकांच्या फुंकण्याचा कागद बघणं हा काकांचा हक्क होता. पुरस्काराच्या परीक्षकाने तो कागद काकांना मिळाला का, असं विचारल्याचं मला एकाही अर्जात अजून दिसलेलं नाही.

मग पुरस्कार बंद करायचे का?

मीही आधी तसंच म्हणत होते. एका सेफ्टी ऑफिसरांनी मला थांबवलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता ते बरोबर. पण गॅस डिटेक्टरची फाइल दोन वर्षं पडून होती. पुरस्काराचा अर्ज भरायचा म्हटल्यावर साहेबांनी पंधरा दिवसांत सही केली." हे खोटं नाही. कौतुकाची भूक मालकालाही असते आणि तिचा उपयोग करून घेता येतो. प्रश्न आहे तो तिला कुठल्या कामाला जुंपायचं याचा.

मला परीक्षक केलं तर मी चार गोष्टी मागेन. एक, गेटच्या रजिस्टरवरून माणसं मोजा, पगारपत्रकावरून नको. दोन, ठेकेदाराच्या दहा कामगारांना तुम्ही स्वतः निवडून भेटा, आणि त्यांच्या तपासणीचे रिपोर्ट त्यांच्या घरी आहेत का बघा. तीन, थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढल्या तर गुण वाढवा, कारण तिथे माणसं बोलायला घाबरत नाहीत. चार, कामगाराने सुचवलेला कुठला बदल यावर्षी प्रत्यक्ष केलात ते दाखवा. हे चौथं काही जगावेगळं नाही. श्रम मंत्रालय विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगारांच्या सूचनांनाच देतं. तो कामगाराला मिळतो, आणि शेजारीच कंपनीला मिळणाऱ्या पुरस्कारात मात्र त्याचा आवाज अपघाताच्या आकड्याएवढाच उरतो.

या चारही गोष्टींना फारसा खर्च नाही. रिपोर्टची एक झेरॉक्स दोन रुपयांत होते.

काका आता घरीच असतात, संध्याकाळी ओट्यावर बसतात. मी त्यांच्या वतीने नोंदी मागणारा अर्ज लिहून दिलाय. काकू म्हणाल्या, "एवढ्या वर्षांचे कागद ठेवले असतील का गं त्यांनी?" ठेवायला हवेत, एवढंच मी सांगू शकले. उत्तर आलं की इथेच लिहीन.