भूक, सुई आणि तराजू

'हा जेवतच नाही' ही तक्रार पालकसभेत प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते. घरचे उपायही ठरलेले: दृष्ट काढणे, वावडिंगाचे पाणी, नाहीतर दुकानातले टॉनिक. पूर्व आशियातील पारंपरिक वैद्यकातही या तक्रारीवर उपचार आहेत. त्यांची पारख कशी करावी, हे आपण पाहू.

मूल खात नाही, वाळत जाते, या विकाराला चिनी वैद्यकात 'गान' म्हणतात. छियान यी (१०३२-१११३) या बालवैद्याने त्याचे मूळ प्लीहा व जठर यांच्या दुर्बलतेत सांगितले. येथे प्लीहा म्हणजे पचनशक्ती, जवळजवळ आपल्याकडील 'अग्नी'. शरीरशास्त्रातील प्लीहा अन्न पचवीत नाही. त्यावरील उपचारांपैकी दोन असे. कण्यावरील कातडी चिमटीत धरून खालून वर सरकवत नेणे, आणि अंगठा सोडून चारही बोटांच्या मधल्या सांध्यांवर, तळहाताच्या बाजूने, सुई टोचून चिकट द्रव काढणे.

या वैद्यकाने अवेळी व अति भरवण्याला दोष दिला, हे आम्हांला योग्य वाटते. मालिशाने मूल सुखावतही असेल. पण सर्दी-ताप ओसरला की भूक आपोआपच परतते. मग गुण सुईचा की दिवसांचा? उपचार न केलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय हे सांगता येणार नाही. शिवाय सुई टोचलेली पाहणाऱ्या आईला मूल जास्त जेवल्यासारखे वाटणारच. अस्वच्छ सुईचा धोका वेगळाच.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात याहून साधी कसोटी वापरली गेली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि मुलांची वजने करू लागल्या. तराजूला कोणाची भीड नसते. वजन वाढत नसेल तर कारण शोधायचे: जुलाब, जंत, क्षय, की घरात अन्नच अपुरे?

हा फरक जिवावरचा ठरू शकतो. तीव्र कुपोषित बालकाची अन्नावरची वासना उडणे ही धोक्याची खूण आहे. अशा बालकाला दाखल करून उपचार करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेथे सुईत किंवा टॉनिकात घालवलेला आठवडा महाग पडतो.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना एवढीच: पुढच्या वेळी ही तक्रार आली, की आधी मुलाचे वजन करा आणि मागची नोंद काढा.