‘अस्तु’ : परमुलखातून पाहताना

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट स्मृतिभ्रंशावरील कलाकृती म्हणून सर्वपरिचित आहे. संवादांसाठी सुमित्रा भावे यांस व सहायक अभिनयासाठी अमृता सुभाष यांस राष्ट्रीय पारितोषिके लाभली. तेव्हा त्याच्या गुणांची ग्वाही आम्ही नव्याने देण्याचे प्रयोजन नाही. परंतु वृद्ध आईवडिलांना परप्रांतातील सरकारी क्वार्टरमध्ये आणून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांस या चित्रपटात जे दिसते, त्याची चर्चा आमच्या पाहण्यात आलेली नाही.

संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणी शास्त्री मोटारीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताच्या पालावर पोहोचतात. त्याची बायको चन्नम्मा ही कानडी वळणाची बोली बोलणारी, पोटासाठी गावोगाव भटकणारी स्त्री. शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेची तिला गंधवार्ता नाही. समोर एक अजाण मूल आले आहे एवढेच ती ओळखते, आणि शास्त्रीबुवा तिच्या ठायी आई पाहतात. डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. म्हणूनच की काय, त्यांच्या अभिनयात रोगाचे प्रदर्शन नाही, माणूस मात्र अखेरपर्यंत आहे.

मायेला भाषा लागत नाही, हा या प्रसंगांचा आशय आम्हांस मान्य आहे. तथापि तेथेच थांबणे आम्हांस परवडत नाही. घास भरवण्यास भाषा लागत नसेल. रोग तपासण्यास ती लागतेच. आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांस येथील एका रुग्णालयात हिंदीतून तारीख विचारण्यात आली. त्यांनी मराठीत तिथी सांगितली, पक्षासह. उत्तर चूक धरले गेले. पुढील प्रश्नांस त्यांनी उत्तरेच दिली नाहीत. त्यांस विस्मरण होते हे खरेच. पण ते किती होते, हे त्या दिवशी मोजले गेले नाही.

हे अटळ नव्हते. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली स्मृतिपरीक्षा दिल्लीजवळच्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी वापरावयाची होती, तेव्हा मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नुसती भाषांतरित केली नाही. वाचून डोळे मिटण्याच्या जागी, ‘मी करतो तसे करा’ अशी नक्कल आली. सकाळ आहे की संध्याकाळ, हेही विचारले गेले. १९९५ साली प्रसिद्ध झालेले हे काम सांगते की, प्रश्न माणसाच्या जगातला असेल तरच उत्तरास अर्थ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही संमती घेताना उपचाराचे लाभ, धोके व पर्याय रुग्णास समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक ठरविले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची सेवा मराठीसह अनेक भाषांतून सुरू झाली. मात्र दूरध्वनीवरील मराठी तपासणीच्या खोलीत येईपर्यंत काम अपुरेच राहणार.

आता दोषाविषयी. चन्नम्मेकडे चित्रपट इतक्या भक्तिभावाने पाहतो की, ती स्वतः स्थलांतरित आहे हे तो जवळजवळ विसरतो. उद्या ती आजारी पडली, तर परमुलखातील दवाखान्यात तिचे बोलणे कोणास कळेल? शास्त्रीबुवांस शोधणारे मोठे कुटुंब आहे. तिला कोण शोधील? गरिबाच्या अंगी माया उपजतच असते, असे मानून सुशिक्षितांनी निश्चिंत व्हावे, हा धोका येथे आहे.

हा दोष जमेस धरूनही ‘अस्तु’ आम्ही श्रेष्ठ मानतो. कारण रोग्याशी आपण कोणत्या बोलीत बोलतो, हा प्रश्न तो न विचारताही आमच्या मनात उभा करतो. परप्रांतातील मित्रांनी तो घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पाहावा आणि तपासणीच्या दिवशी दुभाषा म्हणून स्वतः सोबत जाण्यासाठी किरकोळ रजेचा अर्ज वेळीच टाकावा, एवढीच आमची विनंती.