शीर्षकापुरते वाचक

चांगल्या शीर्षकाची आपली सध्याची व्याख्या सोपी आहे: ज्यावर बोट पडतं ते. त्याची हत्यारंही ठरलेली आहेत. आकडा घाला, प्रश्नचिन्ह लावा, 'नेमकं काय घडलं?' म्हणत उत्तर राखून ठेवा. साहित्यिक मंडळींना हे सवंग वाटतं, म्हणून ती 'एक चिंतन' किंवा 'एक आकलन' अशी शेपटी जोडून वाचकाला दारातच जांभई देतात. भांडण मात्र एकाच मोजमापावर चालतं, ते म्हणजे किती जण आत आले. जे आत आलेच नाहीत तेही शीर्षक सोबत घेऊन जातात, आणि पुढे तेच वापरतात. त्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

तो मांडण्यासाठी माझ्या धंद्यातलं एक अत्यंत यशस्वी शीर्षक घेऊ. मार्च १९६८मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जेमतेम दोन पानांचा मजकूर आला: 'गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल'. 'गो टू' म्हणजे प्रोग्रॅममधली उडी, इथलं काम सोडून अमुक ठिकाणी जा असा हुकूम. ही उडी घातक मानली जाते, असं शीर्षक सांगतं.

शीर्षक डायक्स्ट्रांचं नव्हतं. त्यांनी लेख पाठवला होता तो 'अ केस अगेन्स्ट द गो टू स्टेटमेंट' या नावाने. लवकर छापता यावा म्हणून संपादकाने त्याचं पत्र केलं आणि नवं नावही दिलं. हे संपादक म्हणजे पुढे 'पास्कल' भाषा घडवणारे निक्लाउस विर्थ.

दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचावीत. 'केस' म्हटलं की बाजू मांडणारा आला, समोरची बाजू आली, आणि निकाल अजून लागायचाय हेही आलं. 'घातक मानली जाते' यात मानणारा कोण ते गायब आहे. हा न्यायाधीशाविना लागलेला निकाल आहे. पहिलं नाव वाचून 'का बुवा?' असं विचारावंसं वाटतं. दुसऱ्यानंतर विचारायला काही उरत नाही.

मजकुरात डायक्स्ट्रा मवाळ आहेत असं मुळीच नाही. 'गो टू' उच्चस्तरीय भाषांमधून हद्दपार करा, असं ते स्पष्ट म्हणतात. पण पत्राचं मोल त्यांच्या कारणात आहे. माणसाला स्थिर गोष्टींमधली नाती बरी समजतात. काळात उलगडणारी प्रक्रिया डोळ्यांपुढे आणणं त्याला जड जातं. म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम आणि चालणारा प्रोग्रॅम यांच्यातलं अंतर कमीत कमी हवं. लूपमध्ये 'ही ओळ, सातवी फेरी' एवढं सांगितलं की काम कुठवर आलंय ते कळतं. वाटेल तिथे उड्या मारल्या की असा अर्थपूर्ण पत्ता सांगणं भलतंच अवघड होतं. हा माणसाच्या आकलनाच्या मर्यादेचा विचार आहे आणि तो 'गो टू'च्या पलीकडेही लागू पडतो. शीर्षकात मात्र त्याचा मागमूस नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. या मजकुराचा हवाला देणाऱ्या अनेकांनी शीर्षकापलीकडे काही पाहिलेलं नसतं, अशी खंत डायक्स्ट्रांनीच २००१मध्ये लिहून ठेवली. शीर्षक साचा बनलं. १९८७मध्ये त्याच नियतकालिकात '"गो टू कन्सिडर्ड हार्मफुल" कन्सिडर्ड हार्मफुल' अशा नावाचं पत्र आलं आणि पाठोपाठ त्यालाही तसंच उत्तर.

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे ६ जुलै १८९७च्या केसरीतलं शीर्षक शाळेपासून पाठ असतं, आणि टिळकांना त्या वर्षी शिक्षा झाली ती याच अग्रलेखासाठी असं सहज वाटून जातं. खटला होता १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता यांवर. १९०८ची सहा वर्षांची शिक्षा झाली ती 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून. ही दोन्ही शीर्षकं किती शांत आहेत! पण न्यायालयाला शीर्षकापुरतं वाचून चालत नाही. तिथे एकेका मराठी शब्दाच्या भाषांतरावर टिळक स्वतः वाद घालत होते. आपल्या स्मरणावर अशी सक्ती नसते, म्हणून तिथे आवाजी शीर्षक जिंकतं.

हे केवळ इतिहासाचं कुतूहल नाही. कारण न कळलेला नियम अंधश्रद्धेसारखा वागतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये आजही 'गो टू' आहे. एखादं काम अर्ध्यात फसलं तर घेतलेली मेमरी आणि लावलेली कुलुपं एकाच जागी सोडवण्यासाठी तिथल्या लेखन-संकेतांनीच त्याची शिफारस केली आहे. तिथे उडी पुढे एका ठरावीक ठिकाणी जाते, वाचणारा हरवत नाही. डायक्स्ट्रांचं कारण ज्याला माहीत आहे त्याला हा फरक दिसतो. ज्याला फक्त शीर्षक माहीत आहे तो शब्द दिसताच कोड परत पाठवतो, आणि लिहिणारा बिचारा एकात एक अडकवलेल्या अटींची चळत रचत बसतो.

उलट उदाहरण डोनाल्ड नूथ यांचं. १९७४चा त्यांचा चाळीसेक पानांचा निबंध आहे 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग विथ गो टू स्टेटमेंट्स'. सगळा वाद त्या 'विथ'मध्ये आहे: शिस्तही हवी आणि 'गो टू'ही. शीर्षक पुन्हा सांगून काम भागत नाही, कारण हे दोन्ही एकत्र कसं जमतं ते आत गेल्याशिवाय समजत नाही.

विर्थ यांना दोष देणं सोपं आहे, पण मूळ नावाने ते पत्र इतकं दूर पोचलं असतं का, याची खात्री कोण देणार? घोषणेमुळे चळवळीला बळ मिळतं, हे खरंच. किंमत एवढीच की पुढच्या पिढीच्या हाती घोषणा उरते आणि युक्तिवाद जुन्या अंकात राहतो. म्हणून शीर्षक ठरवताना, किती जण आत येतील यासोबत आणखी एक गोष्ट तपासावी: लेख न वाचलेला माणूस या शीर्षकाच्या जोरावर वाद घालू शकेल का? घालू शकत असेल, तर ते शीर्षक बदललेलं बरं.