पांढऱ्या कागदावरची जखम

पांढऱ्यावर पांढरे. रंग नाही, शाई नाही, माणसाची आकृती नाही. सोमनाथ होर यांच्या 'जखमा' या चित्रमालिकेसमोर आपला कार्यकर्ता उभा राहिला तर विचारील, यात आमचे काय? प्रश्न रास्त आहे. बेन निकल्सनने १९३४ पासून युरोपात जी पांढरी उठावचित्रे केली त्यांत वर्तुळे आणि चौकोन आहेत. तेथली सावली शांत, मोजूनमापून पडलेली आहे. होरांची सावली तशी नाही.

होर (१९२१–२००६) मूळचे चितगावकडचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेने मरणाऱ्यांची रेखाटने केली. १९४६ साली ते तेभागा आंदोलनातील शेतकऱ्यांत वावरले. पिकाचे तीन वाटे करा, दोन कसणाऱ्याला द्या, ही त्या आंदोलनाची मागणी. उपाशी आणि लढणारी शरीरे पाहिलेला हा चित्रकार १९७० नंतरच्या दशकात कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे वळला.

त्याने केले काय? माती किंवा मेणाच्या थरावर सुरीने चिरा पाडल्या, तापलेल्या सळीने डागण्या दिल्या. त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबला. म्हणून येथे जखम कागदावर काढलेली नाही. ती कागदाच्या अंगातच आहे.

समोरून सपाट उजेड टाका, जखम जवळजवळ नाहीशी होते. उजेड बाजूने आला की चिरेच्या काठाशी सावली धरते आणि जखम उघडी पडते. 'आता जात राहिली कोठे?' असे विचारणारे लोक हाच समोरचा उजेड वापरतात. त्यांना सारे स्वच्छ पांढरे दिसते. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ मानीत. बाबासाहेबांनी १९३६ च्या, लाहोरला न झालेल्या भाषणात ते नोंदवून ठेवले आहे. ज्या समाजाने सावलीला रस्त्यावरून हाकलले, त्या समाजात सावलीलाच साक्षीला उभे करणारे चित्र आपण सहज ओलांडून जाऊ नये.

पण येथेच थांबताही येत नाही. ही जखम कोणाची? कोणी केली? चित्र सांगत नाही. दलित साहित्यात जखमेला गाव असते, जात असते, घाव घालणारा हात असतो. निनावी जखम श्रीमंताच्या दिवाणखान्यात सुखाने टांगता येते. तिच्यापुढे हळहळणाऱ्याला स्वतःच्या हातांकडे पाहावे लागत नाही. होरांची करुणा खरी आहे, यात शंका नाही. परंतु या मालिकेत आरोप नाही. ही तिची मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे.

शिक्षकांनी ही चित्रे मुलांना जरूर दाखवावीत. मात्र छापील पानावर सावली एकाच जागी गोठलेली असते. म्हणून वर्गात एक कोरा कागद घ्यावा, नखाने त्यावर खोल चरा ओढावा आणि कंदील त्याच्याभोवती फिरवावा. चरा कधी दिसतो, कधी बुजतो, हे मुले स्वतःच सांगतील. मग त्यांना विचारावे : आपल्या गावात कंदील कोणाच्या हातात आहे?