वगातून गाळलेला संप

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना बाई नाचत होत्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडात उभ्या राहिल्या. लेखांत, व्याख्यानांत ही गोष्ट येते आणि तिच्या शेवटी ‘कलेवरची निष्ठा’ हे शब्द हमखास येतात. चीड येते ती या शब्दांची. बाळंतिणीला चार दिवस घरी बसता येत नव्हते, असा तो धंदा होता. मराठीत कलावंतांवर जे लिहिले आणि चित्रित केले जाते, त्यात हालांची आरती होते, मजुरीचा हिशेब होत नाही.

‘पिंजरा’ (१९७२) हा तमाशाच्या फडात अडकलेल्या मास्तरांच्या घसरणीचा सिनेमा. फडातल्या बाकीच्या माणसांचे पोट कसे चालते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ‘चंद्रमुखी’ (२०२२) देखणा आहे, एवढे म्हणून पुढे जावे.

‘नटरंग’कडून (२०१०) मात्र आशा होती. विहिरीवर मोटर बसते, मजुरांचे काम जाते आणि त्या बेकारीतून त्यांच्यातलाच गुणा तमाशा उभा करतो. मराठी सिनेमात कलेचा उगम इतक्या स्वच्छपणे पोटाच्या प्रश्नाशी क्वचितच जोडला गेला असेल. पण नाच्या झालेल्या गुणाच्या पुरुषत्वाची शोकांतिका हाती लागताच विहिरीवरचे ते मजूर कथेत मागे पडतात. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) गिरणी संपाने उद्ध्वस्त केलेले घर आहे. नाटक थोर आहे; त्यातला संप मात्र आधीच हरलेला आहे.

संप न हरता रंगमंचावर आणला तो वाटेगावच्या माणसाने. अण्णाभाऊ साठे आजच्या सांगली जिल्ह्यातून मुंबईला पायी गेले, गिरणीत राबले आणि १९४४ मध्ये अमर शेख, गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांनी तमाशाच्या घडणीलाच हात घातला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी आले, गवळण गेली आणि वगात सावकार व काळाबाजारवाला उभा राहिला. सोंगाड्याची बतावणी तशीच ठेवली, कारण मालकाची फजिती तिच्याइतकी दुसऱ्या कशाने होत नाही. बंगालच्या दुष्काळावर पोवाडा रचून या पथकाने मदतनिधी जमवला. कामगारांच्या लढ्यात उभे राहणे हे त्यांच्या कलेचे कामच होते, त्यासाठी त्यांना वेगळी सवड काढावी लागली नाही. आज अण्णाभाऊंची जयंती धूमधडाक्यात होते. त्यांचा तमाशा कुणी पुढे नेत नाही.

आणि विषयांची वाण आहे म्हणावे, तर तीही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये कामगारांच्या संपाने हिंदी मालिकांचे चित्रीकरण बंद पडले आणि वाहिन्यांना जुने भाग लावावे लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी पुन्हा संप झाला. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस कामावर गेले नाहीत. आपल्याकडच्या पटकथालेखकांच्या संघटनेनेही त्यांना पाठिंबा दिला. इकडे मराठीत २०२१ मध्ये ‘हे मन बावरे’च्या कलाकारांना थकलेल्या मानधनासाठी समाजमाध्यमांवर लिहावे लागले. ज्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी देण्याची रीत आहे, तिथे एकेकट्याने लिहिलेल्या मजकुराने काय होणार?

हे सगळे लांब मुंबईत घडते असेही नाही. ‘लागिरं झालं जी’पासून मालिकांची सातारा जिल्ह्यात रीघ लागली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘आई माझी काळूबाई’च्या चित्रीकरणादरम्यान आशालता वाबगावकरांना कोरोना झाला आणि साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. चमूतल्या इतरांनाही लागण झाली होती. साथीच्या दिवसांत कामावर यायला नाही म्हणण्याची मुभा सेटवर कुणाला असते? या प्रश्नात अख्खे नाटक आहे. आपल्या नाटककारांचे तिकडे लक्ष गेलेले दिसत नाही.

याच जिल्ह्यातल्या लोणंदच्या एमआयडीसीतल्या माणसाला पाळी आणि ओव्हरटाइम समजावून सांगावा लागत नाही. तोच माणूस संध्याकाळी मालिका बघतो आणि जत्रेत तमाशाला बसतो. सेटवरचा लाइटमन बारा-बारा तास उभा असतो. ढोलकीवाला हंगामाआधी उचल घेतो आणि दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फडाला बांधला जातो, हे लोणंदच्या त्या माणसाला कलेने कधी दाखवलेच नाही. म्हणून मालिका बंद पडली की तो कुरकुरतो, बारी उशिरा सुरू झाली की शिट्ट्या मारतो. संप करणाऱ्यांच्या बाजूने उभे राहण्याची पहिली संधी त्यालाच आहे, कारण वाहिनी त्याच्या बघण्यावर आणि फड त्याच्या वर्गणीवर चालतो. गावोगावच्या यात्रा कमिट्या नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरवताना रकमेवरून घासाघीस करतात. यंदा ती घासाघीस थोडी कमी करून फडमालकाला एवढे विचारावे: उचल फिटली नाही, तर ढोलकीवाल्याला पुढच्या हंगामात फड बदलता येतो का, आणि नाचणारीला दिवस गेले, तर तिचा पगार चालू राहतो का?